बेडच्या काठावरचे खडे

१

दुपारची जेवणं उरकली, भांडी घासून पालथी पडली, की झारी घेऊन मागच्या अंगाला जायचं, हे काम माझ्याकडं होतं. मागं कडुलिंबाच्या सावलीला गांडुळांचा बेड. वरचं गोणपाट उचलायचं, मूठभर खत घेऊन दाबायचं. बोटांच्या फटीतून एखादा थेंब आला तर ओल बरोबर. धार लागली तर पाणी जास्त झालं. हात कोरडाच राहिला तर झारी फिरवायची.

ही परीक्षा माझ्या सुनेनं, सुकन्यानं, बारामतीच्या शिबिरातून शिकून आणली. तिथं तीन दिवस बायकांना गांडूळखत करायला शिकवलं आणि निघताना प्रत्येकीला किलोभर गांडुळं ओल्या पोत्यात बांधून दिली. सुकन्या ते पोतं मांडीवर घेऊन एसटीनं भिगवणपर्यंत आली. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाय गं पोरी, पेढं का?" ही म्हणाली, "व्हय, पण जिवंत हायती." बाई उठून मागच्या बाकावर गेली.

आमचं घर डाळजला, उसाच्या कडेला. घरात चौघं. मी बानूबाई, माझे मालक आबाजी, मुलगा दादासाहेब आणि ही सून. दादासाहेब ट्रॅक्टरवर. कारखाना सुरू झाला की तो सोमेश्वरनगरला ऊस वाहायला जायचा आणि आठवड्यानं एकदा तोंड दाखवायचा. म्हणून बेड बांधला तो सुकन्यानं आणि तिच्या सासऱ्यानं.

सिमेंट नाही की गवंडी नाही. नुसत्या विटा एकावर एक चार थर रचल्या. दहा फूट लांब, तीन फूट रुंद. आत जुनी ताडपत्री अंथरली. तळाला विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या, त्यावर उसाचं पाचट, पाचटावर महिनाभर मुरलेलं शेण. ताजं शेण चालत नाही, ते तापतं आणि गांडूळ मरतं. सगळ्यात वर चाळलेल्या मातीचा हात.

"तीनच फूट का गं रुंदी?" ह्यांनी विचारलं.

"मामा, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पायजे. आत पाय द्यायचा न्हाय."

"आमची वाकळ बी एवढीच हुती. दोघांत."

मी म्हणाले, "अवं, सुनंपुढं काय बोलता." सुकन्या तोंड फिरवून हसत राहिली.

गांडुळं सोडली तेव्हा हे तासभर उकिडवे बसून बघत होते. तीस वर्षं मेंढरं राखलेला माणूस. मेंढरं विकून शेती धरली त्यालाही पंचवीस वर्षं झाली होती, पण डोळ्यांतली मेंढरं गेली नव्हती. "बाने," मला म्हणाले, "ही आता माझी मेंढरं. कुत्रं नको, काठी नको, लांडग्याचं भ्या न्हाय. म्हातारपणी देवानं बरा कळप दिला."

२

दिवाळी झाली आणि ह्यांना दम्यानं धरलं.

आमच्या मेंढरांच्या दिवसांत दिवाळी झाली की आम्ही मावळतीला, कोकणात उतरायचो. हे कळप घेऊन पहाटे पुढं निघायचे. मी मागनं घोड्यावर बिऱ्हाड लादून, लेकराला वर बसवून चालायचे. निघताना हे रोज विचारायचे, "मागनं येतीस ना?" हे काय विचारायचं झालं? मागनं नाही तर मी जाणार कुठं? तरी रोज विचारायचे, आणि मी रोज सांगायचे, "येते की. तुमी व्हा फुडं." ते ऐकल्याशिवाय त्यांचं पाऊल उठायचं नाही.

शेवटच्या सकाळी मी त्यांच्या छातीला तेल चोळत होते. सुकन्या चुलीपाशी पाणी तापवत होती. ह्यांनी माझं मनगट धरलं. आवाज गेलेला, नुसता वारा. म्हणाले, "बाने, मागनं येतीस ना?"

"येते की. तुमी व्हा फुडं," मी म्हणाले.

सवयीनं निघून गेलं तोंडातून. इतक्या वर्षांचं बोलणं, ते थांबवायला डोकं लागतं, आणि डोकं त्या वेळी जाग्यावर नव्हतं. ह्यांनी मान हलवली, जशी रोज हलवायचे, आणि निघाले.

३

दहाव्याला उजनीच्या काठाला गेलो. धरणाचं पाणी पार बांधापर्यंत फुगलेलं, पाण्यावर लांबच्या मुलखातली पाखरं हजारांनी. बाभळीवर कावळेही होते. पिंड ठेवले, सगळी मागं सरली. कावळा येईना. एक उतरला, पिंडाभोवती फिरला, मान तिरकी करून बघितलं आणि पुन्हा फांदीवर गेला.

मग ज्याला जे सुचेल ते तो कबूल करायला लागला. दादासाहेब हात जोडून म्हणाला, "आबा, आईला अंतर देनार न्हाय." भावकीतल्या एकानं बांधाची कुरकुर मिटवली. सुकन्या म्हणाली, "मामा, तुमचा बेड मी मोडनार न्हाय." शेजारची कुशाबाई म्हणाली, "तंबाकू ठिवा रं तंबाकू. त्याबिगर म्हातारा कधी हाललाय का?" माणसं त्या जागेवरही हसली. तंबाखू ठेवली. कावळा हलला नाही.

ऊन डोक्यावर आलं. कुशाबाई माझ्याकडं वळली. "बानूबाई, तू बोल की काहीतरी. तुझ्यापायी अडलंय."

काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. येते, तुम्ही व्हा पुढं. एवढंच. ते बोलले असते तर कावळा झेपावला असता, आजही माझी खात्री आहे. पण जीभ उचलेना. त्या सकाळी सुकन्यानं मला आलं घालून चहा दिला होता आणि त्याची चव अजून तोंडात होती. चहा पिताना माझ्या मनात आलं होतं, उद्या सकाळी पुन्हा प्यायचा. परवाही. सत्तरी उलटलेल्या विधवेला असं वाटावं याची लाज वाटते, पण वाटलं ते सांगते. मला जगायचं होतं. म्हणून सवयीनं निघालेला शब्द मला आता जाणूनबुजून उच्चारता येईना.

शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. भटजी म्हणाले, पिंड पाण्यात सोडा, नाहीतर गाईला घाला. काठाला गाळ इतका की दादासाहेबाचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. म्हणून मी पत्रावळ घरी आणली आणि गाईपुढं धरली. गाईनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. तीनदा धरली, तीनदा फिरवलं.

तो भात घरात ठेवता येत नाही आणि टाकवत नाही. शिबिरात बजावून सांगितलेलं, शिजवलेलं अन्न बेडमध्ये घालायचं नाही. सुकन्या पाहुण्यांच्या वाढण्यात गुंतलेली. मी मागं गेले, गोणपाट उचललं, बोटांनी मधोमध खळगा केला आणि पिंड ठेवून वर माती ओढली. म्हटलं, ह्यांचीच मेंढरं आहेत, खाल्लं तर काय वावगं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उकरून बघितलं. एक शीतसुद्धा नव्हतं. एवढा भात गांडुळांना महिन्यात संपत नाही. पण मला बरंच वाटलं. कावळा नाही तर नाही, कुणी तरी शिवलं.

४

तेरावा होऊन आठ दिवस झाले असतील. झारी घेऊन गेले तर बेडच्या विटेवर एक खडा. बोराएवढा. मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी चार होते. नंतर नऊ. सगळे लिंबाच्या बाजूच्या काठावर, एका ओळीत. खड्यांबरोबर काचेचा तुकडा, फुटकी बांगडी, बाभळीचा एक काटा. माती चाळून घातली होती, तरी आपल्या शेणामातीत असं काहीबाही राहतंच. ते आपलं आपण वर येऊन विटेवर बसत नाही, एवढंच.

सुकन्या म्हणाली, "आत्या, खडं वेचताय व्हय? बरं केलं. खत चाळायला सोपं जाईल."

मी तर समजत होते की तीच वेचते. मनाशी म्हटलं, साळुंक्या असतील. साळुंकी किडा शोधताना खडा बाजूला फेकते. पण साळुंकी गोणपाट उचलून आत जाऊन पुन्हा नीट पांघरून ठेवत नाही. मुंगूस? मुंगसाला बांगडीचं काय?

एकदा मी सगळे खडे पुन्हा आत पुरले आणि वर माती सारखी केली. दुसऱ्या दिवशी ते काठावर होते. धुतल्यासारखे स्वच्छ.

त्या दुपारी मी तिथंच बसून राहिले. अशा वेळी आमच्याकडं गाडीचा आवाज नसतो, माणसाचा नसतो. उसाचं पातं हलतं तेवढंच. कान दिला की गोणपाटाखालनं बारीक आवाज येतो, वाळल्या पानांवर लांब कुठं पाऊस पडावा तसा. गांडुळं खातात त्याचा तो आवाज, सुकन्यानं मला आधीच सांगून ठेवलं होतं, भिऊ नका म्हणून. मी भिले नाही. पण मी उठून उभी राहिले आणि आवाज थांबला. एकदम, सगळ्यांचा. चरता चरता धनी उभा राहिला की मेंढरं अशी थांबतात. गांडुळांना डोळे नसतात.

५

पुढं गोणपाटाखाली खळगा पडायला लागला.

खत खाली बसतं, हे मला कळतं. पाचट कुजलं की बेड चार बोटं खचतो. पण सगळीकडं सारखा खचतो. हा खळगा मधोमध होता, लांबट, एका टोकाला गोल, मग रुंद, मग पुन्हा निमुळता आणि वाकडा. मी हात ठेवला. कोमट.

सुकन्याला बोलावलं. तिनं हात घालून बघितलं. "आत्या, शेण कच्चं ऱ्हायलं असंल कुठंतरी. म्हणून तापतंय. पाणी जरा वाढवा."

"आन् आकार?"

"कसला आकार?"

तिला नुसता खड्डा दिसत होता. तिनं हातानं सारखा केला आणि गेली. पोर शहाणी आहे, बारावी शिकली आहे. ती म्हणते तर शेण कच्चं असेल. मीही तसंच म्हणत राहिले. पण पन्नास वर्षं ज्याच्या शेजारी निजले तो उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, डोकं हातावर ठेवून निजायचा. एवढं ओळखायला शाळा लागत नाही.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. घरात त्यांची काठी होती, फेटा होता, पण ते नव्हते. इथं ऊब होती. मी दुपारभर तिथं बसायला लागले. दादासाहेबाचा ट्रॅक्टर कुठं अडकला, गाय व्यायला किती दिवस राहिले, कुशाबाईच्या कोंबडीनं आमच्या वळचणीला अंडी घातली आणि तिनं ती आमच्यासमोर कशी मोजून नेली, सगळं सांगायचे. खाली खाण्याचा आवाज चालू असायचा. मेंढरं चरताना हे असंच ऐकायचे, तोंडानं काही न बोलता.

जाताना गोणपाटाच्या कडा आत खोचायचे. थंडीचे दिवस होते.

६

एका दुपारी गोणपाट उचललं तर खळगा मधोमध नव्हता.

विटेला लागून पार एका कडेला सरकला होता. तोच आकार, तीच वाकडी पाठ, पण भिंतीला टेकलेली, अंग चोरून. आणि लिंबाच्या बाजूची दीड फूट जागा सपाट केलेली. माती बोटांनी फिरवून मऊ केल्यासारखी. त्या जागेत एक खडा नव्हता, एक काडी नव्हती.

मग मला खडे कळले.

वाटेवर हे कळप घेऊन पुढं जायचे आणि मुक्कामाची जागा धरायचे. मी घोडं घेऊन पोचेपर्यंत दिवस कलायचा. तोवर ह्यांनी एक काम केलेलं असायचं. आमची वाकळ जिथं पडणार तिथले खडे, काटे हातानं वेचून एका ओळीत कडेला ठेवायचे. स्वतःच्या अंगाखालचे नाही, माझ्या. आपण धोंड्यावर निजायचे. माझ्या पाठीत दादासाहेबाच्या बाळंतपणापासून कळ होती. दुसऱ्या मेंढक्यांच्या बायका माझी चेष्टा करायच्या, बानीची गादी झाली का बघा म्हणून. आणि वाकळ अंथरली की हे कडेला सरकून पडायचे आणि जागे राहायचे. मी आवरून शेजारी येईपर्यंत त्यांना झोप लागायची नाही.

मी गोणपाट सोडलं. झारी तिथंच राहिली. घरात येऊन दाराला पाठ लावून बसले. सुकन्या म्हणाली, "काय झालं आत्या?"

"काय न्हाय. च्या ठिव."

त्यांनी रागानं काही केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी जागा करून ठेवली होती.

७

दोन दिवस मी मागं गेले नाही. सुकन्याला म्हणाले, पाणी तू घाल, माझे गुडघे धरलेत. तिसऱ्या दुपारी मी ओसरीवर तांदूळ निवडायला बसले.

पुढचं मला आठवतं ते सुकन्याचा आवाज. "आत्या, पाठीला माती कशाची?"

मी ओसरीवरच होते. मांडीत सूप. पण ऊन पायरीवरून उतरून अंगणाच्या पार त्या टोकाला गेलेलं. तांदूळ निवडलेला नव्हता. सुकन्यानं माझी पाठ झटकली. ओली काळी माती, कंबरेपासून खांद्यापर्यंत, एका कुशीला. तिनं माझ्या अंबाड्यातून काहीतरी काढलं आणि तळहातावर धरलं. गांडूळ. बारकं, लाल.

"पडला होता का कुठं? खरं सांगा."

"न्हाय गं. टेकले असंन भितीला."

तिचं समाधान झालं नाही. तिनं माझे हात बघितले. नखांत माती. तिनं पाणी तापवलं, मला न्हाऊ घातलं, पाठ चोळताना म्हणाली, "तुमी दोन भाकरीवरनं अर्ध्या भाकरीवर आलाय. अंगाची काडी झालीय. मामा गेले, आता तुमी बी जाताय का मला एकटीला टाकून?" तिला आई नाही. माझ्या घरात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, चूल पेटवायला मीच शिकवली. तिचा हात पाठीवरच थांबला होता.

संध्याकाळी कुशाबाई अंड्यांचा हिशोब काढायला आली. बोलता बोलता म्हणाली, "दुपारी हाक मारायला आलते, पर तू गाढ निजलीवतीस. म्हटलं, असूं दे."

"कुठं निजले हुते?"

"आता गं. मागं, लिंबाखाली. गांडुळांपाशी. नीट दिसलं न्हाय, पार गळ्यापतुर गोणपाट पांघरलेलं. कडा बी खोचल्या हुत्या."

"कडा कुणी खोचल्या?"

कुशाबाईनं माझ्याकडं बघितलं. "तूच खोचल्या असशील की. मला काय ठावं."

आपण निजल्यावर आपल्या पाठीमागची कड आपल्याला खोचता येत नाही. सुकन्याच्या हातातली परात तिथंच थांबली.

८

दुसऱ्या दिवशी सुकन्या म्हणाली, "आत्या, मी बेड मोडते. खत तयार हाय. मामांना शब्द दिलाय, पर मोडते."

"तू हात लावू नगंस," मी म्हणाले. "माझं बोलनं ऱ्हायलंय. ते झालं की बघू."

मी जेवले. मुद्दाम दोन भाकरी खाल्ल्या, आमटी चुरून. मग झारी न घेता मागं गेले. सुकन्या दारात उभी राहिली, हात चौकटीला धरून.

लिंब निश्चल होता. खाली तो पावसासारखा आवाज. मी लिंबाच्या बाजूला, माझ्या बाजूला, गुडघ्यावर बसले. आवाज थांबला.

मी गोणपाट उचललं नाही. बघायचं नव्हतं. कडेनं हात आत घातला, त्या मऊ केलेल्या जागेवर ठेवला. ऊब होती. वाकळीत शिरावं तशी. खरं सांगते, त्या घडीला मला आत सरकावंसं वाटलं. पाठीला एक खडा टोचला नसता.

"अवं," मी म्हणाले, "मी येते म्हनले हुते. जाताना तुमी इचारलं आन् मी येते म्हनले. ते खोटं हुतं असं न्हाय. सवयीचं हुतं."

गोणपाट जरा वर आलं. भिंतीकडच्या बाजूला. निजलेला माणूस बोलणं ऐकायला कुशीवरून उताणा होतो, तेव्हा वाकळीखाली खांदा उचलतो, तेवढंच. मी मान वळवली नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायचं ते दिसलं.

"मी एवढ्यात न्हाय येनार. मला हितं ऱ्हायचंय. पोरगी एकटी हाय, हे खरं हाय. पर पोरगी नसती तरी ऱ्हायचं हुतं मला. माझ्यासाठी. लई चाललो आपन. आता मला एका जागी बसून च्या प्यायचाय."

माझा हात धरला गेला. गांडुळं असतील. हजार गांडुळं एका जागी आली तर तसं लागेल, ओलं, जिवंत, बोटांच्या मधून फिरणारं. मी तसंच धरून चालले. पण गांडुळं मनगट धरत नाहीत, अंगठा नाडीवर ठेवून.

"माझ्यापायी मुक्काम लांबवू नगा," मी म्हणाले. "कळप उपाशी ऱ्हातो. तुमी व्हा फुडं."

येते, हा शब्द आधी आला नाही. त्यांनी वाट बघितली. मला कळत होतं की वाट बघताहेत. किती वेळ ते सांगता येणार नाही. लिंबाची सावली माझ्या मांडीवरून उतरली. सुकन्या दारातून हलली नव्हती.

मग एक एक बोट सुटलं. करंगळीपासून. शेवटी अंगठा.

९

सकाळी सुकन्याच्या रडण्यानं मी उठले. ती बेडपाशी उभी होती. गोणपाट बाजूला केलेलं, दोन्ही हात कोपरापर्यंत खतात. खत सपाट होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, परातीतल्या पिठासारखं. त्यात एक गांडूळ नव्हतं.

"सगळी गेली आत्या. एक बी ऱ्हायलं न्हाय. माझ्याकडनं काय चुकलं?"

"तुझ्याकडनं काय चुकलं न्हाय," मी तिला जवळ घेतलं. "थंडीनं गेली असतील."

"अशी जात न्हाईत. मेली तर मेलेली दिसत्यात."

तिनंच मग दाखवलं. विटांच्या फटीतून एक ओला चकचकीत माग निघाला होता. गांडुळं पळाली तर चारी दिशांनी पळतात. हा माग एकच होता. हातभर रुंद, अंगणातून सरळ, फाटकाखालून बाहेर आणि धुळीच्या रस्त्याला लागून मावळतीकडं. रस्त्याच्या डाव्या कडेनं. मधून माणसांना, गाड्यांना जागा सोडून. कळप असाच न्यावा लागतो.

आम्ही दोघी मागामागनं चाललो. डोळे पुसत पुसत ती पुढं, मी मागं. उसाच्या कडेकडेनं, पाटाच्या चारीपर्यंत. तिथं रस्ता वळतो. वळण घेतलं की आमचं घर दिसायचं बंद होतं.

वळणावर माग पसरला होता. खळ्याएवढं गोल, सगळी धूळ चकचकीत. तिथं बराच वेळ थांबलेली असावीत. मग पुन्हा हातभर रुंद होऊन माग वळणापलीकडं उसात गेला होता.

"इथं का थांबली असतील आत्या?"

"दम खायला," मी म्हणाले.

वाटेवर आमची एक खूण होती. मागनं येणाऱ्याचं घोडं अडलं, पाय मुरगळला, तर त्यानं नुसता हात वर करायचा. पुढचा वळणावर थांबून एकदा मागं बघायचाच. हात वर दिसला की कळप बसवायचा आणि मागचा येऊन पोचेपर्यंत हलायचा नाही, मग दिवस जावो की दोन दिवस.

ऊस हलत नव्हता. आत कुठंतरी, फार लांब नाही, वाळल्या पाचटावर बारीक पाऊस पडावा तसा आवाज होता.

माझा उजवा हात उठायला निघाला होता. मी तो पदराखाली डाव्या हातानं मनगटापाशी धरला आणि तसाच धरून उभी राहिले. ऊन वर आलं. रस्त्यावरची चकाकी एका टोकाकडून वाळत गेली आणि तो आवाज कमी कमी होत लांब गेला.